मदत हवी आहे : सिस्टरांना नेत्रदान-त्वचादान पाऊण तासात कसं शिकवावं?

शंभर खाटांच्या रुग्णालयात वॉर्ड आणि आयसीयूच्या सिस्टरांसाठी सत्र घ्यायचं आहे. दानाचं महत्त्व सगळ्यांना पटलेलं आहे. अडतं ते पुढे. नेत्रपेढीला फोन उशिरा जातो, किंवा ‘मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालणार नाही’ असं वॉर्डातच ठरतं. भर कशावर द्यावा? नातेवाइकांशी कधी बोलायचं?

प्रतिसाद १

दानाचं महत्त्व सांगणाऱ्या स्लाइड काढून टाका, सगळा वेळ मृत्यूनंतरच्या पहिल्या तासाला द्या. डोळे आणि त्वचा साधारण सहा तासांच्या आत काढावी लागते आणि पेढीच्या माणसांचा प्रवासही त्यातच धरायचा. म्हणून मृत्यूची वेळ नोंदवली की लगेच फोन. सिस्टरने वय, मृत्यूचं कारण, संसर्ग, रक्ताचे रिपोर्ट एवढं सांगायचं. चालेल की नाही ते पेढी ठरवते. मधुमेह, रक्तदाब, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, रेबीज, सेप्टिसीमिया (रक्तात पसरलेला संसर्ग), रक्ताचा कर्करोग यांत डोळे घेत नाहीत.

मग हातानं करून घ्या: पापण्या मिटणं, त्यांवर सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ, पंखा बंद, डोक्याखाली उशी देऊन डोकं सहा इंच वर. कारणही सांगाच, नाहीतर गर्दीच्या ड्युटीत हेच आधी सुटतं. वाऱ्यानं कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुकून वरचा थर खराब होतो. डोकं सपाट राहिलं तर चेहऱ्यात रक्त साकळतं, पापण्या सुजतात आणि डोळे काढल्यावर रक्त पाझरतं.

प्रतिसाद २

आयसीयूसाठी दोन गोष्टी वाढवा. व्हेंटिलेटरवरच्या बेशुद्ध रुग्णाच्या पापण्या अर्धवट उघड्या राहतात, कॉर्निया तेव्हाच सुकायला लागतो. ही निगा आधी त्या रुग्णासाठीच हवी, दानाचा विचार नंतर. दुसरं, शेवटी भरपूर सलाइन किंवा रक्त दिलं असेल तर रक्ताचा नमुना पातळ होतो आणि संसर्गाची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्याआधीचा नमुना लॅबमध्ये असेल तर तो टाकू नका म्हणून कळवा.

नातेवाइकांचं म्हणाल तर मृत्यूची बातमी आणि दानाची विचारणा एका दमात कधीच नको. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना सावरू द्या, मग बाजूच्या खोलीत बसवून समुपदेशकानं बोलावं. प्रतिज्ञापत्र भरलेलं नसलं तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. अवयव-ऊती प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांतला नमुना ८, म्हणजे नातेवाइकांच्या संमतीचा फॉर्म, नर्सिंग स्टेशनवर हाताशी ठेवा.

धागाकर्ता

आभार. त्वचेला लोक फार घाबरतात, विद्रूप होईल म्हणून. आणि एमएलसी (पोलिसांकडे नोंद होणारी मेडिको-लीगल केस) असेल तर?

प्रतिसाद १

पाठ, मांड्या आणि पाय इथूनच अगदी पातळ थर घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत, वर पट्टी बांधून देतात. दाता १८ वर्षांवरचा हवा, रक्तगट जुळवावा लागत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंशांवर ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते आणि भाजलेल्या रुग्णांची जखम झाकते. हे शेवटचं वाक्य नातेवाइकांना नक्की सांगा.

एमएलसी म्हणजे नकार नव्हे. पोलीस आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लागते, त्यात तास जातात. त्यामुळे इथे पेढीला फोन आणखी लवकर करायचा.