मदत हवी आहे: टेल्मिसार्टन चालू असताना 'लो सोडियम' मीठ चालतं का?

वडील ६४ वर्षांचे, राहायला जिंतूर तालुक्यात. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी. घरच्या मशीनवर १३५/८० च्या आसपास असतं. शुगर नाही. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.४ आलं, पोटॅशियम तपासलेलं नाही.

मीठ कमी करा म्हणून सांगितलंय, पण ठेच्यात मीठ कमी पडलं की ताट तसंच सरकवतात. म्हणून भावाने परभणीहून 'लो सोडियम' मीठ आणलं. पाकिटावर बघितलं तर पोटॅशियम क्लोराइड! टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात किडनीचा आकडा असा. पाकीट तूर्त फोडलेलं नाही. गोळी चालूच आहे, ती बंद करणार नाही. गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घ्यायचे, तीही किडनीला बरी नव्हे म्हणून सध्या देत नाही. मेडिकलवाला म्हणतो, "मीठच तर आहे, काय होतंय!" डॉक्टर गुरुवारी भेटतील.

(सैंधव सुचवू नका, त्यातही सोडियमच असतं.)

कुणी डॉक्टर, फार्मासिस्ट असाल तर सांगा: पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत या मिठाला हातच लावू नये ना? आणि गुरुवारी जाताना पोटॅशियम, क्रिएटिनिनशिवाय आणखी कोणती तपासणी करून न्यावी?