पवनाकाठी तंबू आतून ओला का होतो?

प्रश्न: ठाण्याहून डिसेंबरात पवना धरणाकाठी जातोय. चौघे, तंबू घरचा. पहाटे आतून पाणी ठिबकतं म्हणतात, उपाय?

उत्तर १: ती बहुतेक आपल्याच श्वासाची वाफ. बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका, समोरासमोरच्या झडपा वीतभर उघड्या ठेवा. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर दिसता कामा नये, नाहीतर दव तिच्यावरून ओघळून तळाखाली शिरतं. आणि 'चार जणांचा' तंबू म्हणजे खांद्याला खांदा. सामान धरून सहाचाच बरा.

उत्तर २: खुंट्या ४५ अंशांत, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं. काठच्या गाळात त्या धरत नाहीत, जरा वर चढा. थंडी वाजली तरी तंबूत शेगडी नकोच! तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

प्रश्नकर्ता: जमिनीचा गारवा?

उत्तर २: पांघरुणापेक्षा खाली जाड फोमची चटई महत्त्वाची.