पुढच्यास ठेच : पहिल्या लाटेत घेतलेल्या यंत्रांचं पुढे काय होतं?

नवीन वस्तू बाजारात आल्या आल्या घेणाऱ्याला टोमणे ठरलेलेच. अमेरिकेत पहिला आयफोन २९ जून २००७ ला आला, ८ जीबीची किंमत ५९९ डॉलर. ५ सप्टेंबरला तीच ३९९ झाली. ओरड झाल्यावर ॲपलने आधीच्या गिऱ्हाइकांना १०० डॉलरचं स्टोअर क्रेडिट देऊन विषय मिटवला. पैशांचं दुःख तेवढ्यावर संपतं, पण त्या वस्तूचं पुढच्या चार-सहा वर्षांत काय होतं हे कोणी नीट मांडत नाही. नवं मॉडेल आलं म्हणून जुनं बंद पडत नाही. ते एका ठरावीक जागी अडतं: बँड (फोन ज्या लहरींवर चालतो तो पट्टा) नसतो, पोर्ट जुनं असतं, साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपते, कंपनी सर्व्हर बंद करते.

या धाग्यात ती जागा सांगा. रांगेत उभं राहिल्याच्या आठवणी नकोत, ‘आमचा तर अजून मस्त चालतो’ हेही नको. काय अडतं, का अडतं आणि त्यावर काय करता येतं, एवढंच लिहा.

नागपुरी अँटेना :

५जीपासून सुरुवात करतो, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसलेत. भारतात ‘५जी’ म्हणून विकले गेलेले पहिले फोन फेब्रुवारी २०२० चे. स्पेक्ट्रमचा लिलाव झाला जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये आणि सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. म्हणजे अडीच वर्षं कंपन्या अंदाजपंचे बँड टाकत होत्या. त्यातल्या बऱ्याच फोनांत कामाचा बँड एकच, एन७८.

एअरटेलने सुरुवात एनएसए पद्धतीने केली, म्हणजे ४जीच्या आधारावर. तिथे एन७८ वर भागतं. जिओचं जाळं पहिल्यापासून एसए आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, आणि लांबवर व भिंतीआड पोचण्याचं काम त्यात ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन२८, करतो. ज्या फोनात एन२८ नाही तो गॅलरीत ५जी दाखवतो आणि स्वयंपाकघरात गेलं की ४जीवर येतो. सिम बदला, नेटवर्क रीसेट करा, गॅलरीत नेऊन परत आणा, काही उपयोग नाही. हार्डवेअरच नाही.

तपासायचं कसं: ‘अबाउट फोन’मधला पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि त्याच क्रमांकाचा बँडतक्ता बघा. नुसत्या नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या फोनाचे देशागणिक बँड वेगळे असतात. बँड आहेत तरी ५जी येत नसेल तर अपडेट राहिलं आहे असं समजा. आयफोन १२ पासून हार्डवेअर होतं, पण भारतात ५जी चालू झालं ते डिसेंबर २०२२ च्या आयओएस १६.२ ने. आणि फोन सारखा ४जी-५जी उड्या मारत असेल तर तो तापतो, बॅटरी खातो. अशा वेळी ‘प्रेफर्ड नेटवर्क’ खुशाल ४जीवर ठेवा.

विलायती पेटी :

वरच्याला जोड. अमेरिकेतून येणारं कोणी ‘आणतो रे स्वस्तात’ म्हणालं तर आधी एक लक्षात घ्या: तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलांना सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. जिओ, एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन आयडिया) ई-सिम देतात, त्यामुळे चालतो. पण फोन बिघडला की सिम काढून जुन्या डबड्यात घालायची सोय गेली. ओटीपी अडकतात.

दिवाणखाना :

२०१३च्या सुमारास हौसेने ४के टीव्ही घेणाऱ्यांचं दुखणं पडद्यात नाही, मागच्या पोर्टात आहे. तेव्हाच्या एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच धड जातं. एचडीएमआय २.० चं प्रमाण सप्टेंबर २०१३ चं. त्याहून मोठी अडचण एचडीसीपी २.२ ची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाची. ते टीव्हीत नसेल तर स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला खोचून ॲप्स चालवणारी कांडी) ४के पाठवतच नाही, मुकाट १०८०पीवर उतरते किंवा पडदा काळा करते.

क्रमाने करून बघा.

१. मॅन्युअलमध्ये पाहा, कित्येक टीव्हींत चारपैकी एकाच पोर्टाला एचडीसीपी २.२ आहे. स्टिक तिथे लावा.

२. मधे जुना साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असेल तर तोही २.२ वाला हवा. नसेल तर स्टिक थेट टीव्हीला लावा आणि आवाज ऑप्टिकल तारेने किंवा एआरसीने (एचडीएमआय केबलनेच आवाज टीव्हीतून उलटा पाठवण्याची सोय) बाहेर काढा.

३. एचडीएमआय २.० असलेल्या टीव्हीतही पूर्ण वेग पोर्टागणिक हाताने चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मधलं ‘एन्हान्स्ड’. यानंतर चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके आले तर केबल बदला, टीव्हीला दोष देऊ नका.

४. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तिथे बहुधा अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला साधारण एक लागतो. मग ती मालिका ऐन रंगात आली की रीस्टार्ट होते. ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना मोबाइल चार्जर पुरतो.

टीव्हीतली ॲप्स तर टीव्हीच्या कितीतरी आधी मरतात. २०१०-११च्या काही सॅमसंग स्मार्ट टीव्हींवरचं नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ पासून बंद झालं, कारण त्यातली मायक्रोसॉफ्टची कॉपी रोखणारी जुनी डीआरएम पद्धत संपली. पॅनेल ठणठणीत. अशा टीव्हीला फक्त पडदा समजा आणि डोकं बाहेरून जोडा.

प्रश्न आहे :

कपाटात पडलेला गूगलचा पहिला नेक्सस ७ टॅब्लेट मुलाला वाचायला द्यायचाय. चालू होतो, पण गोगलगाय झालाय आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो. काही होऊ शकेल का?

सोल्डरगन :

@प्रश्न आहे: दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मंदपणा फ्लॅश मेमरीचा. २०१२च्या नेक्सस ७ मध्ये सुरुवातीला ट्रिम नव्हतं, म्हणजे पुसलेल्या जागा खरोखर मोकळ्या आहेत हे मेमरीला कळतच नसे. लिहिताना ती चाचपडायची. जुलै २०१३च्या अँड्रॉइड ४.३ ने ट्रिम आणलं. तेव्हा ४.३ किंवा पुढचं असल्याची खात्री करा, फॅक्टरी रीसेट मारा, निदान पाव जागा कायम रिकामी ठेवा आणि रात्रभर पडदा बंद करून चार्जिंगला लावा. ट्रिम यंत्र निवांत असतानाच चालतं.

‘सुरक्षित नाही’साठी आधी तारीख बघा. बॅटरी पार उतरलेली टॅब्लेट १९७० साली उठते आणि मग सगळीच प्रमाणपत्रं तिला खोटी वाटतात. तारीख बरोबर असूनही तेच येत असेल तर कारण लेट्स एन्क्रिप्ट, म्हणजे असंख्य साइटना फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था. त्यांच्या ‘आयएसआरजी रूट एक्स१’ या मूळ प्रमाणपत्राची ओळख अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या यंत्रांना नाही. ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर त्यांचं काम चालायचं त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, पुढे जोडलेली तात्पुरती सोय २०२४ मध्ये संपली. लेट्स एन्क्रिप्टच्या साइटवरून ते प्रमाणपत्र संगणकावर उतरवा, केबलने टॅब्लेटमध्ये टाका, मग ‘सिक्युरिटी’मध्ये ‘इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज’. पिन लावायला सांगेल, लावा. नंतर ‘नेटवर्कवर पाळत असू शकते’ अशी सूचना येत राहील. ती हाताने टाकलेल्या कुठल्याही प्रमाणपत्राला येते, घाबरू नका. बँकेचं काही मात्र त्यावर करू नका. टॅब्लेट अँड्रॉइड ५.०च्या खाली असेल तर व्हॉट्सॲपचीही अपेक्षा नको, जानेवारी २०२५ मध्ये त्याने तशी यंत्रं सोडली.

आता केबलचं, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या वस्तूंत हे सारखं दिसतं. टाइप-सी आलं तेव्हाच्या, म्हणजे २०१५-१६च्या, केबली अजून घराघरांत आहेत. ए-टू-सी केबलच्या (एका टोकाला जुनं चपटं यूएसबी, दुसऱ्याला टाइप-सी) सी टोकात सीसी (किती वीज ओढायची ते सांगणारी पिन) आणि पाच व्होल्टच्या लायनीमध्ये ५६ किलोओहमचा रोध असतो. त्याचा अर्थ ‘साधं यूएसबी आहे, बेताने घे’. त्या वर्षांत १० किलोओहमच्या केबली सुटल्या, वनप्लसलाही तेव्हा आपल्या केबलीबद्दल पैसे परत द्यावे लागले. १० किलोओहम म्हणजे ‘तीन अँपिअर आहेत, ओढ’. फोन ओढतो, आणि पलीकडे लॅपटॉपचं बिचारं अर्ध्या अँपिअरचं पोर्ट असतं. गूगलचे अभियंता बेन्सन लियुंग यांनी अशा केबली एकेक तपासल्या, त्यात उलट्या तारांच्या एका केबलीने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल गेला. मल्टिमीटर आणि टाइप-सीचा ब्रेकआउट बोर्ड (पिना बाहेर काढून देणारी पट्टी) असेल तर ए५ (सीसी) आणि ए४ (पाच व्होल्ट) पिनांमध्ये रोध मोजा. ५६च्या आसपास आला तर ठेवा. १० आला तर केबल कात्रीने कापूनच टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी ती परत वापरतं.

उलटा दोष यंत्राच्या बाजूनेही असतो. जून २०१९च्या रास्पबेरी पाय ४ या हातावर मावणाऱ्या संगणकात दोन सीसी पिनांना प्रत्येकी ५.१ किलोओहम हवा होता, दोघांत मिळून एकच बसवला. चिपवाली महागडी सी-टू-सी केबल लावली की चार्जरला वाटतं समोर हेडफोनचा ॲडॉप्टर आहे, आणि तो वीजच देत नाही. बोर्ड मेलाय असं समजून लोक नवीन घेतात. बिनचिपची साधी केबल लावा, चालू होतो. आवृत्ती १.२ मध्ये हे सुधारलं. आपला कोणता ते प्रॉक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फायलीत बघा, ‘रिव्हिजन’ ओळीचा शेवटचा अंक १ असेल तर १.१, २ असेल तर १.२. स्वस्त ट्रिमर, दिवे, इअरबड्सच्या डब्या ‘सी-टू-सी’ने चार्ज होत नाहीत त्याचंही मूळ तेच, ५.१चे रोध गाळलेले असतात. ए-टू-सी केबल लावा, वस्तू परत करायची गरज नाही.

ढगातला धंदा :

सर्व्हरवर जगणाऱ्या वस्तू पहिल्या झटक्यात घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत. घरातले स्मार्ट दिवे-कुलपं एका ॲपवरून चालवणारा ३०० डॉलरचा रिव्हॉल्व्ह हब नेस्ट कंपनीने मे २०१६ मध्ये बंद केला, तो निव्वळ डबा उरला. कपड्यावर लावायच्या ६९९ डॉलरच्या ह्युमेन एआय पिनचं २८ फेब्रुवारी २०२५ ला तेच झालं, बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं. याउलट पेबल घड्याळांचे सर्व्हर जून २०१८ अखेर बंद झाले तरी घड्याळं चालू राहिली, कारण वेळ आणि सूचना ब्लूटूथवर होत्या आणि बाकीचं रेबल या हौशी मंडळींनी उचललं.

वस्तू ठेवायची की परत करायची याची चाचणी सोपी: ती जोडून झाली की राउटरची इंटरनेटची तार काढा, वायफाय चालू ठेवा. ॲपमधून दिवा लागला तर वस्तू तुमची. आणि जुने स्मार्ट प्लग नव्या राउटरला जोडले जात नसतील तर त्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क २.४ वर, डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची जुनी पद्धत) लावून काढा आणि सगळे प्लग त्यावर टाका.

एक्सचेंजवाला :

विकायचंच ठरलं असेल तर नवं मॉडेल येण्याआधी विका. आयफोन १४ भारतात ७९,९०० ला आला, १५ आल्यावर ६९,९०० झाला. १५ चंही १६ आल्यावर अगदी तसंच. सेकंडहँडचा भाव त्याच दिवशी उतरतो.

देण्याआधीचा क्रम महत्त्वाचा आहे. बॅकअप घ्या. अँड्रॉइडवर गूगल खातं आधी काढा, मग रीसेट करा. खातं असताना रिकव्हरीतून (बटणं दाबून येणाऱ्या मेनूतून) रीसेट केलं तर पुढचा माणूस जुन्या खात्याच्या कुलपापाशी अडतो आणि घरी आलेला एक्सचेंजचा पोऱ्या फोन घेत नाही. आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद. ई-सिम नव्या फोनवर नेऊन मगच जुना पुसा. *#०६# दाबून आलेला आयएमईआय (फोनाचा ओळखक्रमांक) बिलावरच्याशी जुळतो का बघा, दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला असेल तर जुळत नाही आणि सौदा दारात मोडतो.

जुना घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवावा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर फोन कितीही चकाचक असो, घेऊ नये.