पर्जन्यवृक्षाचे कृष्णधवल छायाचित्र: रचना आणि छटा

दादरकर_छाया:
सध्या मी दादरच्या पारशी कॉलनीतील पर्जन्यवृक्षांची कृष्णधवल छायाचित्रे काढत आहे. डोळ्यांना खोड, पाने आणि मागची इमारत स्पष्ट वेगळी दिसतात. पण रंग काढून टाकले की सगळे एकाच राखाडीत मिसळते आणि पानांतून डोकावणारे आकाशाचे पांढरे तुकडेच तेवढे नजरेत भरतात. सेपिया (तपकिरी) छटा दिल्याने चित्र जुनाट दिसते, उठावदार होत नाही. बदल रचनेत करावा की छटेत, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खोडपान:
छटा शेवटी पाहू. आपली अडचण रंगांचे राखाडीत रूपांतर होतानाच सुरू होते. पान हिरवे दिसले तरी त्याच्या रंगात पिवळ्याचा अंश बराच असतो, त्यामुळे रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) काम करताना हिरव्यापेक्षा पिवळा स्लायडर (त्या रंगाची उजळता ठरवणारी पट्टी) वर नेल्यास पाने अधिक उजळतात, आणि नारिंगी खाली आणला की तपकिरी खोड गडद होते. लाल फिल्टरचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो निळ्या आकाशासाठी उपयोगी. आपल्याकडच्या धुरकट पांढऱ्या आकाशावर तो काहीच करत नाही, उलट पाने काळवंडतात. पावसाची सर ओसरल्यावर जावे. भिजलेले खोड आपोआप काळेभोर होते आणि ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझरने (परावर्तित प्रकाश अडवणाऱ्या फिल्टरने) कमी करता येते. मात्र त्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जात असल्याने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) ट्रायपॉड लागतो. (ट्रायपॉड उघडण्यापूर्वी इमारतीच्या वॉचमनशी दोन शब्द बोललेले बरे.)

फांदीफांदी:
अख्खे झाड चौकटीत बसवण्याचा हट्ट सोडावा, असे मी सुचवेन. या झाडाचा विस्तार छत्रीसारखा आडवा असतो. तो पूर्ण घ्यायला गेलात की आकाश, तारा, गाड्या सगळेच आत येते. त्याऐवजी समोरच्या पदपथावर जाऊन ८५ ते १३५ मिमीच्या लेन्सने, जिथे मुख्य फांद्या फुटतात तेवढाच भाग घ्यावा आणि मागे सावलीतली भिंत येईल असे उभे राहावे. आकाश वगळले की ते पांढरे तुकडेही गेले. स्पॉट मीटरने (छोट्या भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या मापकाने) सालीचे मोजमाप घेऊन दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे. साल गडद राहते, तरी तिच्या भेगा दिसतात.

अंधारखोली:
खोडपान यांच्याशी थोडा मतभेद आहे: छटा शेवटी द्यायची असली, तरी तिचा विचार आधी करावा लागतो. रासायनिक सेपियात ब्लीच (पहिले, विरंजक द्रावण) प्रिंटमधल्या चांदीचे सिल्व्हर ब्रोमाइड करते आणि पुढच्या द्रावणात त्याचे तपकिरी सिल्व्हर सल्फाइड होते. या प्रक्रियेत प्रिंट किंचित फिकी पडते, म्हणून जाणकार ती आधीच थोडी गडद काढतात. ब्लीच उजळ भागांवर प्रथम चढते, त्यामुळे ते मध्येच थांबवल्यास पाने उबदार होतात आणि खोड काळेच राहते. सेलेनियम या छटा देणाऱ्या दुसऱ्या रसायनाचे उलट आहे. ते सावल्यांपासून सुरू होते. संगणकावरही हेच करावे. आपण बहुधा पूर्ण चित्रावर एकसारखा तपकिरी रंग चढवत असाल. तो केवळ उजळ भागांना, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) दहाच्या आत ठेवून द्यावा आणि सावल्यांना हात लावू नये. पावसाळी चित्राला मात्र मी सेपिया देणारच नाही. तिथे सावल्यांत निळसर झाक पुरते.

दादरकर_छाया:
सर्वांचे आभार. मागे सावलीतली भिंत हवी, तर पूर्वेकडे तोंड असलेल्या इमारतींसमोर दुपारनंतर जावे लागेल, असे दिसते.