एनजिनएक्स: लोकेशनमध्ये एक हेडर टाकला की वरचे सगळे गायब. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी एक छोटी वेबसाइट चालवतो. कळमना बाजारातले भाव रोज सकाळी त्यावर येतात आणि शेतकरी ते मोबाइलवर बघतात. आंबिया बहाराचा माल निघायला लागलाय, गाडी आज भरायची की थांबायचं हे लोक भाव बघून ठरवतात. म्हणून हे लवकर मार्गी लागलं पाहिजे.

सर्व्हर उबुंटू २४.०४, त्याच्याच रिपॉझिटरीतला एनजिनएक्स (वेब सर्व्हर) १.२४. मागे ३००० पोर्टवर नोड-एक्सप्रेसचं ॲप. पानं मुख्य डोमेनवर आहेत, भाव देणारी एपीआय सबडोमेनवर.

एनजिनएक्सच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये (अख्ख्या साइटची कॉन्फिग) तीन ॲड_हेडर आहेत, म्हणजे उत्तरासोबत ब्राउझरला सूचना (हेडर) पाठवणाऱ्या ओळी: एचएसटीएस (फक्त एचटीटीपीएसनेच या; मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष), नोस्निफ (फाइलचा प्रकार अंदाजाने ठरवू नको) आणि रेफरर-पॉलिसी (आधीच्या पानाचा पत्ता किती सांगायचा). सगळं नीट चाललं होतं. मग भावांच्या लोकेशनमध्ये (फक्त त्या पत्त्यापुरता आतला ब्लॉक) कॅशे-कंट्रोलचा नो-स्टोअर (उत्तर साठवून ठेवू नको) टाकला, कारण काही जणांना कालचेच भाव दिसत होते. सोबत ॲक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिनही टाकला (कॉर्सचा, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचू देणारा हेडर). तेव्हापासून त्या लोकेशनच्या उत्तरात वरचे तिन्ही हेडर येत नाहीत. कॉन्फिग तपासली तर काहीच चूक दाखवत नाही.

दुसरं, क्रोमच्या कन्सोलमध्ये अलाव-ओरिजिनची किंमत '*, *' अशी दुहेरी दिसते, एकच चालते म्हणून भाव अडवले जातात. एक्सप्रेसमधलं कॉर्स मिडलवेअरही तोच हेडर पाठवतं, इतकं कळलंय. मग तो ठेवायचा कुठे, ॲपमध्ये की एनजिनएक्समध्ये?

आणि तिसरं सगळ्यात जास्त छळतंय. ॲप बंद पडलं की यायला हवा ५०२ (मागच्या ॲपकडून उत्तर नाही, असा एरर कोड), पण पानावरच्या स्क्रिप्टला फक्त 'कॉर्स एरर' मिळतो. शेतकरी स्क्रीनशॉट पाठवतात, त्यावरून नेमकं काय बिघडलंय ते समजत नाही.

कोणी सांगेल का?

सीताबर्डीकर:
भाऊ, तिन्ही गोष्टी ॲड_हेडरच्या नियमांतूनच येतात.

वरच्या स्तरावरचे ॲड_हेडर खाली उतरतात, पण खालच्या स्तरावर एकही ॲड_हेडर नसेल तरच. तुम्ही लोकेशनमध्ये एक लिहिलात की वरची अख्खी यादी तिथे लागू होत नाही. कॉन्फिग तपासणी याला चूक म्हणत नाही, कारण ठरलेलं वागणंच तसं आहे. उपाय साधा: तिन्ही ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ज्या लोकेशनमध्ये स्वतःचा ॲड_हेडर आहे तिथे ती इन्क्लूड करा. १.२९.३ पासून ॲड_हेडर_इनहेरिट नावाचं डायरेक्टिव्ह (कॉन्फिगमधली आज्ञा) आलंय, त्यात मर्ज लिहिलं की दोन्ही स्तर एकत्र येतात. तुमच्या १.२४ मध्ये ते नाही. आणि लोकेशनच्या आत इफ लिहून त्यात ॲड_हेडर टाकू नका, तोही वेगळा स्तर धरला जातो.

दुहेरी हेडरचं कारण असं की ॲड_हेडर मागून आलेला हेडर बदलत नाही, स्वतःचा आणखी एक जोडतो. मागचा काढायला प्रॉक्सी_हाइड_हेडर. नाव सारखं म्हणून प्रॉक्सी_सेट_हेडर वापरू नका, ते ॲपकडे जाणारी विनंती बदलतं, ब्राउझरकडे जाणारं उत्तर नाही.

ठेवायचा कुठे? माझं मत ठाम आहे: एनजिनएक्समध्ये. ॲप मेलं की ५०२ एनजिनएक्स स्वतः बनवून देतो, त्यात ॲपचा हेडर येणार कुठून? पण एवढ्याने भागत नाही. ॲड_हेडर मूळचा २००, २०१, २०४, २०६, ३०१, ३०२, ३०३, ३०४, ३०७ आणि ३०८ या कोडनाच लागतो. ४०४, ५०२ वगैरेंसाठी ओळीच्या शेवटी ऑल्वेज लिहावं लागतं. तुमचा कॉर्स एरर तिथूनच येतोय.

टेकडी_रोड:
वरचं सगळं बरोबर. एचएसटीएसबद्दल मात्र कळकळीने सांगतो. इन्क्लूड-सबडोमेन्स (तोच नियम सगळ्या सबडोमेनना लावणारा पर्याय) लावायचा विचार असेल तर आधी मॅक्स-एज ३०० ठेवून बघा. एखाद्या सबडोमेनला सर्टिफिकेट नसेल आणि ब्राउझरने वर्षाची मुदत लक्षात ठेवली, तर तितके दिवस तो त्या सबडोमेनला साध्या एचटीटीपीने जाणारच नाही.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. अलाव-ओरिजिनवर प्रॉक्सी_हाइड_हेडर लावला, इन्क्लूड फाइल केली, सगळ्या ओळींना ऑल्वेज जोडलं. मग ॲप मुद्दाम बंद करून पाहिलं. आता स्क्रिप्टला खरा ५०२ मिळतो, त्यामुळे पानावर 'भाव थोड्या वेळाने येतील' असं लिहून दाखवता येतंय.

एकच राहिलं. बागेच्या फोटोंच्या लोकेशनमध्ये फक्त एक्स्पायर्स ३० दिवस आहे, ॲड_हेडर नाही. तिथेही इन्क्लूड लागेल का?

सीताबर्डीकर:
नाही लागणार. एक्स्पायर्स हे वेगळं डायरेक्टिव्ह आहे, त्याने ॲड_हेडरचा वारसा तुटत नाही. पुढे कधी तिथे ॲड_हेडरची ओळ टाकलीत, तर मात्र इन्क्लूडही लगेच टाका.