रात्री दहा ते पहाटे पाच: निवासी क्रीडा शिबिरांचे तुमचे अनुभव सांगा

माझी लेक बारा वर्षांची आहे, खो-खो खेळते. मे महिन्यात म्हैसमाळला दहा दिवसांचं निवासी शिबिर आहे आणि आठ दिवसांपासून तिनं घर डोक्यावर घेतलंय. पैसे भरून झाले, बूट आणून झाले. परवा नियमांचा कागद आला. एकूण २६ नियम. मोबाइल आणायचा नाही, दागिने घालायचे नाहीत, बाहेरचं खायचं नाही, पहाटे साडेपाचला मैदानावर हजर, रात्री साडेनऊला दिवे बंद, परवानगीशिवाय गेटबाहेर पाऊल टाकल्यास घरी पाठवण्यात येईल.

कागद तीनदा वाचला. सव्वीसच्या सव्वीस नियम लेकरांसाठी. मोठ्यांनी काय करायचं, याची एक ओळ नाही. तळाला तेवढं 'कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही' असं छापलंय आणि त्याखाली पालकाच्या सहीला जागा. सासूबाई म्हणतात, "जाऊ दे की लेकराला, तुम्ही काय काचेच्या कपाटात वाढलात का?" त्यांचंही खरंच आहे. पण म्हैसमाळ म्हणजे शाळेचं मैदान नाही. थंड हवेचं ठिकाण, कडेला दरी, शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ.

ज्यांनी असं शिबिर केलंय, घेतलंय, किंवा ज्यांचं लेकरू जाऊन आलंय त्यांनी सांगावं. मला एकच गोष्ट कळून घ्यायची आहे: दिवे बंद झाल्यावर तिथं कोण जागं होतं?

जालना, एके काळचा कबड्डीपटू

१९९६ साल, म्हैसमाळच. तेव्हा छापील नियम वगैरे काही नव्हतं. नियम म्हणजे सर.

तिसऱ्या रात्री आम्ही सहा जण खिडकीतून पसार झालो. कशासाठी, तर दूरदर्शनच्या टॉवरचा लाल दिवा जवळून बघायचा म्हणून. आज हसू येतं. अंधारात ठेचकाळत गेलो, दिवा काही जवळ येईना, कुत्री मागं लागली, परत आलो. बघतो तर सर पायरीवर बसलेले, मांडीवर बॅटरी. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सहा जोड कमी होते."

तेव्हा कळलं, सर रात्री पोरं मोजत नव्हते, दाराबाहेरच्या चपला मोजत होते. पोरं पांघरुणाखाली उशी घालून फसवतात, चपला फसवत नाहीत. (आमच्यातला एक शहाणा पुढच्या रात्री अनवाणी जाणार होता. काट्यांनी त्याचा बेत मोडला.) त्या दिवसापासून सरांनी आपली वळकटी दारात आडवी टाकली. लघवीला जायचं तरी सरांना ओलांडून.

परभणी, एका मुलाची आई

आमचा अनुभव वेगळा आहे. शिबिराचं नाव सांगत नाही, म्हैसमाळचंही नव्हतं.

माझ्या मुलाला दमा आहे. अर्जात लिहून दिलं होतं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. तिथं नियम असा की सगळी औषधं वॉर्डनकडे जमा. त्यात त्याचा पंपही गेला. औषधं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली वॉर्डनच्या खिशात. रात्री दीड वाजता त्याला धाप लागली आणि वॉर्डन घरी गेलेले, कुणाच्या तरी लग्नाला. खोलीतल्या दोन पोरांनी शेवटी दगडानं कुलूप तोडलं.

सकाळी त्या दोघांना नियम मोडला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. मला फोन आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तोही फेऱ्या मारणाऱ्यातल्या एकाच्या वडिलांचा.

श्वासाचा पंप लेकराच्या उशाशीच पाहिजे. इतर गोळ्या खुशाल जमा करून घ्या, पण त्या कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

धाराशिव, खो-खो प्रशिक्षक

ताई, तुमची मुलगी खो-खोची म्हणून जरा सविस्तर लिहितो. बारा-तेरा वर्षं शिबिरं घेतोय. खो-खोपटू सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यानंतर माझ्याकडे तरी मुलींचे पालक "खो-खो खेळून काय मिळणार" असं विचारायचे थांबलेत. मुली वाढल्या तशी जबाबदारीही वाढली.

हजेरीचं सांगतो. तोंडी हजेरीवर माझा काडीचा विश्वास नाही. अंधारात "एक, दोन, तीन" सुरू झालं की एकच पोरगी दोन आवाज काढून मैत्रिणीचाही आकडा देते. म्हणून मी त्यांना खो-खोच्या रांगेत बसवतो. आठ जणी ओळीत आखलेल्या आठ चौकांत, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि नववी उभी. नऊ-नऊच्या तुकड्या. एक चौक रिकामा असला की वीस पावलांवरून दिसतो, मोजावंच लागत नाही. पहाटे, दुपारच्या जेवणाआधी, खेळ संपल्यावर आणि झोपायच्या आधी, अशी चारदा ही बैठक. प्रत्येकीला आपल्या डाव्या-उजव्या हाताची मुलगी कोण, हे पाठ. ती दिसली नाही तर आधी तिनं ओरडायचं.

ही अक्कल फुकट आली नाही. एका वर्षी विश्रांतीच्या दिवशी ४० मुलं घेऊन आम्ही वेरूळला उतरलो. सोबत दोघंच सर. कैलास लेणं म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, वरून खाली खोदत आणलेला अख्खा डोंगर, तिन्ही बाजूंनी ओवऱ्या, कोपरेच कोपरे. बसमध्ये बसून खुलताबादपर्यंत आलो, भद्रा मारुतीपाशी शनिवारच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा एक जण म्हणाला, "सर, माझ्या शेजारचा कुठंय?" गाडी वळवून परत गेलो तर पोरगं त्याच सोळा नंबरच्या लेण्यात दगडी हत्तीच्या सावलीला बसून शेंगा खात होतं. पहारेकऱ्यानं त्याला जागचं हलू दिलं नव्हतं. पोरगं रडलं नाही. मी मात्र बसच्या मागं जाऊन रडलो.

मुलींच्या शिबिरात महिला प्रशिक्षक नसेल तर पाठवू नका. "स्वयंपाकाच्या मावशी आहेत ना" हे उत्तर चालवून घेऊ नका. मावशी पहाटे चारला उठून ४० जणींच्या पोळ्या लाटतात, रात्री त्यांनी जागायचं कधी?

अहिल्यानगरच्या सीमेवरून, आष्टी तालुका

आमच्या सरांनी आम्हाला मंगळवारी वेरूळ दाखवायला नेलं होतं. मंगळवारी लेणी बंद असतात. घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, उसाचा रस पिला, परत आलो. दुसरा काही अनुभव नाही.

खुलताबाद, रिसॉर्टवर कामाला

मी म्हैसमाळलाच एका रिसॉर्टवर काम करतो, म्हणून आतलं सांगतो.

शिबिरवाले सोमवार ते शुक्रवार निवांत असतात. खरी गंमत शनिवारी. वरच्या मजल्यावर तुमची लेकरं झोपायलेत आणि खाली लॉनवर वाढदिवस चालू. डीजे, बाटल्या, पोहण्याच्या तलावात साहेब लोक. मागच्या उन्हाळ्यात रात्री अकराला दोन पोरं जिन्यात बसून खालचा नाच बघायली होती. पाहुण्यातला एक जण त्यांना म्हणाला, "या रे, पोहता का?" दोघंही उठली. मी हातातला ट्रे ठेवला आन् पोरांना वर नेलं. त्यांचे सर त्याच पार्टीत जेवायला बसले होते.

आमचा वॉचमन चांगला माणूस आहे, पण तो गाड्या बघतो. कोणती गाडी आली, कोणती गेली, एवढंच त्याचं काम. शिबिरवाले त्याच्याकडं बोट दाखवून "चोवीस तास सुरक्षा" म्हणतात. त्याला लेकरांची संख्यासुद्धा कुणी सांगत नाही.

तुम्ही हे विचारा: त्या दहा दिवसांत रिसॉर्ट पूर्ण तुमचं का दुसरे पाहुणेबी असतात? तलावाला रात्री कुलूप असतं का? आन् पाण्याचं विचारा. मे महिन्यात इथं टँकर लागतो. टँकर चुकला की पहिली काटकसर पोरांच्या बाटलीवर होते. वर हवा गार आहे म्हणून तहान कळत नाही, पण दुपारचं ऊन ते ऊनच. चक्कर येऊन पडलेली तीन लेकरं मी डोळ्यांनी बघितलीत. घरचं साखर-मीठ पाणी करायचं सगळ्यांना येतं, एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण करायला पाणी तर शिल्लक पाहिजे.

लातूर, कुस्ती सोडलेली

मी पंधरा वर्षांची असताना एका शिबिरात वजन उतरवायला आम्हाला दुपारी जर्किन घालून पळवायचे. दोन दिवस पाणी घोट-घोट. याला तिथं शिस्त म्हणायचे. आता विचार केला तरी अंगावर काटा येतो.

पण लिहायला बसले ते दुसऱ्या कारणासाठी. तिथं एक सर वजन करायला मुलींना एकेकटीला खोलीत बोलवायचे आणि दार लोटून घ्यायचे. काटा मैदानावरही ठेवता आला असता. मला ते खटकत होतं, पण कागदावर नियम होता, 'शिबिरातील बाबी घरी सांगू नयेत'. बोलली ती आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी. ती सरळ म्हणाली, "सर, काटा बाहेर आणा, मी आत येत नाही." आम्ही बाकीच्या तिच्या मागं जाऊन उभ्या राहिलो. काटा बाहेर आला. सर पुढच्या वर्षी दिसले नाहीत. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि कुणी तक्रारही केली नाही. तेच अजून सलतं.

आज मी स्वतः मुलींना शिकवते, म्हणून कायदा वाचून घेतलाय. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, म्हणतो की लेकराशी असं काही घडल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'संस्थेची बदनामी नको' ही सबब तिथं चालत नाही. मुलीला १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर पाठ करून द्या. आणि 'घरी सांगू नये' असला नियम कोणत्याही शब्दांत दिसला तर पैसे बुडाले तरी चालतील, पाठवू नका.

बीड, शाळेत पीटी शिक्षक

सगळे आमच्यावरच घसरलेत, म्हणून जरा आमची बाजू.

पालक अर्जात आजार लिहीत नाहीत. का, तर निवड होणार नाही. एका मुलाला फिट आली तेव्हा आम्हाला कळलं की त्याला आधीपासून गोळ्या चालू होत्या आणि 'शिबिरात नको घेऊ' असं घरूनच सांगितलं होतं. मोबाइल आणू नका म्हटलं तर एका माउलीनं चिवड्याच्या डब्यात तळाशी घालून पाठवला. रात्री अकराला चिवडा वाजायला लागला! डबा उघडला तर 'आई' असं नाव आणि सतरा मिस्ड कॉल.

एकदा एका वडिलांनी मला पहाटे साडेतीनला फोन केला, मुलगा झोपलाय का बघा म्हणून. झोपलाच होता. मी जागा झालो ते जागाच.

धावपटू अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्यातला, मांडव्याचा. गावाकडची पोरं त्याच्यासारखं पळायचं म्हणून येतात. त्यांना कष्टाची भीती नाही, पण एकटं झोपायची आहे. पहिल्या दोन रात्री निम्मी खोली मुसमुसत असते. तेव्हा नियम नाही, माणूस लागतो. ३० पोरांना दोन सर असले तर एक झोपेल, एक जागेल. एकच असेल तर तो झोपणारच, देव नाहीये तो. शिबिराची फी कमी बघून नाव घालता, तेव्हा त्या पैशात किती सर येतात हेही बघा.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. काल आयोजकांना फोन लावला. पाणी, डॉक्टर, गाडी, सगळ्यांची उत्तरं तयार होती. शेवटी विचारलं, "रात्री दहा ते पहाटे पाच कोण जागं असतं?" तिकडं जरा शांतता. मग म्हणाले, "वॉचमन आहे ना ताई, चोवीस तास." मी म्हटलं, "त्याला लेकरांची संख्या माहीत आहे का?" ते म्हणाले, सांगतो.

रात्री नऊला त्यांचाच फोन आला. दोन महिला प्रशिक्षक आहेत, आळीपाळीनं जागतील, दोघींचे नंबर कागदावर देतो. रिसॉर्टवर शनिवारी दुसरे पाहुणे असतील, ते टाळता येत नाही, पण मुलींचा मजला वेगळा आणि जिन्याला जाळीचं दार आहे. तलावाच्या कुलपाचं विचारून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. उद्या परत फोन करणार आहे.

बीडच्या सरांचं वाचून अर्ज पुन्हा काढला. लेकीला झोपेत चालायची सवय होती, दोन वर्षांत नाही झालं, म्हणून मी लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. 'जबाबदार राहणार नाही' ही ओळ खोडून त्याखाली सही केली. बघू, कागद परत येतो की काय.

लेकीला जालन्याच्या दादांचा किस्सा वाचून दाखवला. ती आत्ता मार्कर घेऊन चपलांवर नाव घालायला बसलीय, एकीवर स्वतःचं आणि दुसरीवर शेजारच्या मैत्रिणीचं. म्हटलं असं का, तर म्हणते, एक हरवली तरी दोघींना शोधायला यावं लागेल.