फ्रॅक्चर दाखवणारं एआय: रात्रपाळीत एकट्या एमओला (मेडिकल ऑफिसरला) किती उपयोगी?

खाडीकाठ:
ग्रामीण रुग्णालय, 30 खाटा, सीआर मशीन (प्लेटवर घेतलेला एक्स-रे संगणकावर आणणारं), रेडिओलॉजिस्ट नाही. पावसाळ्यात जांभ्यावर घसरलेली मनगटं आणि माडावरून पडलेले पाडेली (नारळ काढणारे) ठरलेलेच. एक्स-रेवर चौकट काढून फ्रॅक्चर दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? व्ह्यू-बॉक्सवरच्या (फिल्म लावून बघायच्या दिव्याच्या पेटीवरच्या) फिल्मचा मोबाईल फोटो त्याला चालतो का? आणि पोरांच्या कोपराचं काय?

काळी_फिल्म:
मोबाईल फोटो नकोच. ट्यूबलाईटची चमक येते, व्हॉट्सअॅप फाईल दाबतं आणि हाडातल्या बारीक रेषा, म्हणजे नेमकं जे शोधायचं तेच, पुसलं जातं. सीआरमधून डायकॉम फाईल, म्हणजे एक्स-रेची मूळ डिजिटल फाईल, थेट जाऊ द्या.
पोझिशन चुकली तर एआयही चुकतं. मनगटाच्या लॅटरलमध्ये, म्हणजे बाजूने काढलेल्या एक्स-रेत, रेडियस-अल्ना ही दोन हाडं एकमेकांवर यायला हवीत. हाड नसलेल्या जागी बारीक पांढरी रेघ आणि तीच रेघ पुढच्या पेशंटलाही त्याच जागी? तो प्लेटवरचा केस किंवा धूळ. आधी प्लेट पुसा.

स्लॅब_आणि_स्लिंग:
आकडा मांडून बघा. समजा 100 पेशंटांत 20 फ्रॅक्चर, आणि सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी 90 टक्के बरोबर. तरी 2 फ्रॅक्चर सुटतील आणि 8 धडधाकट हाडांवर चौकट येईल. पोषक रक्तवाहिनीची खाच, घोट्यामागचं जादा हाड यांवर ती हमखास फसते. म्हणून आधी स्वतः बघून केसपेपरवर लिहा, मग चौकट उघडा. उलट केलंत तर डोळा चौकटीबाहेर जातच नाही.
अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दुखतंय आणि एआय म्हणतंय ‘काही नाही’? तरी स्कॅफॉइड (मनगटातलं छोटं हाड) मोडलंय असं समजूनच अंगठ्यासकट स्लॅब (अर्धं प्लास्टर), 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे. पहिल्या दिवशी फिल्मवर नसलेली रेषा सॉफ्टवेअर कुठून आणणार? पडल्यावर पाय टेकवत नसलेल्या आजीचंही तेच: एक्स-रे स्वच्छ असला तरी सीटी किंवा एमआरआयला पाठवा.
पाडेली टाचांवर पडला तर टाचेवर चौकट येईल, पण कंबरेचा मणका तपासायची आठवण ते करून देणार नाही. तो फोटो तुम्हीच मागवा.
कोपर: मागची चरबीची काळी पट्टी दिसली की सांध्यात रक्त आहे असं धरून स्लॅब, मग चौकट असो-नसो. पोरांत आतल्या एपिकॉन्डाइलचं (कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्याचं) केंद्र, म्हणजे वाढत्या हाडाचा ठिपका, ट्रॉक्लियाच्या (शेजारच्या सांध्यातल्या भागाच्या) आधी उमटतं. ट्रॉक्लिया दिसतोय पण ते जागेवर नाही, तर तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. शंका आली तर दुसऱ्या कोपराचा फोटो काढून ताडून बघा.

वायर_आणि_यूपीएस:
इंग्लंडच्या नाईस संस्थेने जानेवारी 2025 मध्ये अशी चार सॉफ्टवेअर वापरायला हिरवा कंदील दिला, पण पुरावा गोळा करत राहण्याच्या अटीवर, आणि एक्स-रे माणसानेही वाचायचाच. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून असं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं. विक्रेत्याकडून परवान्याची प्रत मागा आणि त्यात कोणत्या वयापासून, शरीराचे कोणते भाग, हे वाचा. कवटी नि मानेचा मणका बऱ्याचदा वगळलेले असतात.
जुलैत लाईट आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा क्लाऊडपेक्षा रुग्णालयातच चालणारा संगणक परवडतो, यूपीएससकट. डेमोच्या वेळी नेटची केबल उपटून बघा: ‘फ्रॅक्चर नाही’ आणि ‘तपासलंच नाही’ पडद्यावर वेगळं दिसतं का? दोन्हीकडे नुसता बिनचौकटीचा फोटो येत असेल तर ते घेऊ नका.